बंदूक, क्रेडिट कार्ड आणि प्लेनोच्या भाऊजींचा सल्ला

वाचकाचं पत्र

नमस्कार काका,

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात दोन भारतीय घरं फुटली. दोन्हीकडची माणसं कार्यक्रमाला बाहेर गेली होती आणि दोन्हीकडचं सोनं गेलं. तेव्हापासून ह्यांनी पिस्तूल घ्यायचंच असा ध्यास घेतलाय. ह्यांचं ग्रीन कार्ड आहे, पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा फॉर्म भरायचा आहे.

माझे मोठे दीर टेक्सासला प्लेनोत असतात. ते सिटिझन आहेत आणि त्यांच्या घरी दोन बंदुका आहेत. त्यांचं म्हणणं असं की कॅलिफोर्नियात क्रेडिट कार्डावर बंदूक घेतली की बँक आपल्या नावापुढे खूण करते, ती सरकारकडे जाते आणि उद्या सिटिझनशिपच्या आड येते. टेक्सासमध्ये अशी खूण करायला कायद्यानेच बंदी आहे म्हणे. यंदा नाताळात आम्ही गाडीने तिकडे जाणार आहोत. तेव्हा भाऊजी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कार्डावर पिस्तूल घेणार आणि परत येताना आम्ही ते घेऊन यायचं, असं दोघा भावांचं ठरलंय. हे त्यांना पैसे रोख देणार, तेही एटीएममधून थोडे थोडे काढून, म्हणजे आमच्या स्टेटमेंटवर काही दिसायला नको.

मला घरात बंदूक नको आहे. मुलगा आठ वर्षांचा आहे. पण मी काही बोलले की "तुला त्यातलं कळत नाही" म्हणून गप्प करतात. भाऊजी म्हणतात ते खरं आहे का? बँकेला नेमकं काय दिसतं? आणि घरात असली वस्तू येणार असेल तर तिचा हिशेब मला माहीत असावा, असं मला वाटतं त्यात काही चुकतंय का?

— एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर

ताई,

बँकेचं सगळं सांगतो, पण आधी तातडीचं. भाऊजींचा बेत तुम्ही लिहिलाय तसा पार पडला तर तो फेडरल गुन्हा होईल, आणि एकच नाही. त्याची सगळ्यात मोठी झळ तुमच्या मिस्टरांना बसेल, कारण ते अजून सिटिझन नाहीत. माझं उत्तर त्यांना वाचून दाखवणार असाल तर इथूनच वाचायला लागा.

परवानाधारक डीलरकडून बंदूक घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो. तो फेडरल फॉर्म आहे, टेक्सासात आणि कॅलिफोर्नियात एकच. त्यात सरळ विचारलेलं असतं की या बंदुकीचे खरे खरेदीदार तुम्हीच आहात का. पैसे भावाचे, बंदूक भावासाठी, आणि भाऊजी तिथे "हो" लिहिणार. याला इकडे स्ट्रॉ पर्चेस म्हणतात, आणि फॉर्मवरच्या असल्या खोट्या उत्तराला दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद आहे.

"पण माझ्या भावाला स्वतःला बंदूक घेता येतेच की, मग बिघडलं कुठे?" असं भाऊजी म्हणतील. नेमका हाच युक्तिवाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात होऊन गेला आहे. व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या काकांसाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं. पोलिसांना सवलत मिळते म्हणून घेतलं, एवढंच. काकांना बंदूक बाळगायला कसलीही आडकाठी नव्हती, आणि पिस्तूल त्यांच्या हाती दिलं तेही पेनसिल्व्हेनियातल्या परवानाधारक डीलरमार्फत. तरीही तो दोषी ठरला. २०१४ साली कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम केली. अब्रामस्की खटला म्हणून तो ओळखला जातो. त्यातला पुरावा बघा: काकांनी पुतण्याला ४०० डॉलरचा चेक आधीच पाठवला होता आणि त्यावर कशासाठी ते लिहिलं होतं, "ग्लॉक १९ हँडगन". तुमच्या घरच्या बेतात तर डीलरचा टप्पाही नाही.

दुसरी गोष्ट राज्याच्या सीमेची. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार एका राज्यातल्या माणसाने दुसऱ्या राज्यात राहणाऱ्याला परस्पर बंदूक देणं गुन्हा आहे, आणि घेणाऱ्याने ती आपल्या राज्यात आणणं हाही गुन्हा. ती डीलरमार्फतच यायला हवी. सख्खा भाऊ असला तरी सूट नाही, निव्वळ भेट म्हणून दिली तरी नाही. म्हणजे प्लेनोहून निघालेली गाडी कॅलिफोर्नियाच्या हद्दीत शिरली की भाऊजींच्या जोडीला तुमचे मिस्टरही गुन्ह्यात आले.

आणि ग्रीन कार्ड. इमिग्रेशन कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी वेगळं कलमच आहे. बंदूक बेकायदा विकत घेणं, बाळगणं, जवळ नेणं यात दोषी ठरलेल्या बिगर-नागरिकाला देशाबाहेर काढता येतं, ग्रीन कार्ड कितीही वर्षांचं असो. पकडले गेले नाहीत असं धरून चालू. सिटिझनशिपचा एन-४०० फॉर्म शपथेवर भरायचा असतो आणि त्यात विचारतात की अटक झाली नसली तरी तुम्ही कधी गुन्हा केला आहे का. तिथे काय लिहिणार? कायदेशीर मार्गाने घेतलेली बंदूक सिटिझनशिपच्या आड येत नाही. भाऊजी ज्या संकटातून भावाला वाचवायला निघालेत ते आत्ता अस्तित्वातच नाही. या बेताने मात्र ते उभं राहील.

थोडे थोडे पैसे काढण्याबद्दलही सांगून टाकतो. बँक एका दिवसातल्या दहा हजार डॉलरच्या वरच्या रोखीच्या व्यवहाराची माहिती सरकारला देते, आणि ती टाळावी म्हणून रक्कम तुकड्यांत फिरवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पिस्तुलाला पाच-सातशे डॉलर लागतात, त्यामुळे हा नियम तुम्हाला लागूही होत नाही. ही लपवाछपवी फक्त तुमच्यापासून चालली आहे. त्याकडे शेवटी येतो.

आता बँकेला काय दिसतं ते. मी अमेरिकेतल्या एका बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षं काम केलं, त्यामुळे यावर अधिकाराने बोलतो.

कार्ड स्वाइप झालं की बँकेकडे दुकानाचं नाव, गाव, रक्कम, वेळ आणि एक चार आकडी कोड जातो. त्याला मर्चंट कॅटेगरी कोड म्हणतात आणि तो दुकानाचा प्रकार सांगतो. तुमच्या कार्डावर इंडियन ग्रोसरीच्या दुकानात जास्त कॅशबॅक मिळतो आणि कॉस्टकोत तीच डाळ, तोच तांदूळ घेतला तरी मिळत नाही, ते या कोडमुळे. कॉस्टकोचा कोड ग्रोसरीचा नाही, होलसेल क्लबचा आहे. पिशवीत काय होतं याची बँकेला खबर नसते.

गन शॉपना पूर्वी वेगळा कोड नव्हता. ती ५९४१ म्हणजे खेळाच्या सामानाच्या दुकानांत किंवा ५९९९ म्हणजे "इतर" या गठ्ठ्यात मोडायची. २०१६ मध्ये ऑरलँडोच्या पल्स नाइटक्लबात ४९ माणसं मारली गेली. मारेकऱ्याने त्याआधीच्या बारा दिवसांत क्रेडिट कार्डांवर २६ हजार डॉलरहून जास्त खर्च केला होता, त्यात बंदुका आणि गोळ्याही होत्या. हे पुढे छापून आलं आणि मागणी सुरू झाली की बँका जशा पैशांच्या अफरातफरीचा वास घेतात तसा याचाही घ्यावा. न्यू यॉर्कच्या अमाल्गमेटेड बँकेने अर्ज केला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने गन शॉपसाठी ५७२३ हा कोड मंजूर केला. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्स्प्रेस यांनी तो वापरू असं जाहीर केलं.

त्यावर रिपब्लिकन राज्यांत एकच गदारोळ उठला. त्यांच्या विधिमंडळांत बंदीची विधेयकं आली, आणि मार्च २०२३ मध्ये कार्ड कंपन्यांनी काम थांबवलं. त्याच वर्षी फ्लोरिडाचा कायदा १ जुलैला लागू झाला. हा कोड वापरला तर प्रत्येक वेळी दहा हजार डॉलरपर्यंत दंड, आणि अंमलबजावणी शेतकी खात्याकडे, कारण तिथे बंदुकीचे परवानेही तेच खातं देतं. टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०२३ पासून आहे. त्याचं नाव सेकंड अमेंडमेंट फायनान्शियल प्रायव्हसी ॲक्ट. पुढे डझनभराहून अधिक राज्यं त्या वाटेने गेली. कॅलिफोर्निया बरोबर उलट दिशेला गेली. तिथल्या कायद्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये सही झाली आणि गन शॉपना हा कोड लावण्याची मुदत होती १ मे २०२५. कोलोरॅडोची तारीखही तीच, आणि न्यू यॉर्कनेही नंतर तसा कायदा केला. तेव्हा भाऊजींनी दोन राज्यांतला जो फरक सांगितला तो खरा आहे. चुकलं ते त्याच्या पुढचं सगळं.

टेक्सासचा कायदा दुकानाच्या वर्गीकरणापुरता आहे. गन शॉपला खेळाच्या दुकानांपासून वेगळं काढणारा कोड वापरायचा नाही, एवढंच तो सांगतो. स्टेटमेंटवर दुकानाचं नाव छापून येतं ते येतंच, आणि टेक्सासातल्या बऱ्याच दुकानांच्या नावातच "गन्स" असतं. कोर्टाचं समन्स आलं तर बँकेला व्यवहार दाखवावे लागतात, कोड असो वा नसो. १९७६ साली मिलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की बँकेकडचे कागद हे बँकेचे, खातेदाराचे खासगी कागद नव्हेत. त्यावर उतारा म्हणून अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९७८ मध्ये राइट टु फायनान्शियल प्रायव्हसी ॲक्ट केला. फेडरल यंत्रणेला कागद हवे असतील तर काही रीत पाळावी लागते, बहुतेक वेळा खातेदाराला कळवावं लागतं, पण अपवाद पुष्कळ आहेत. भाऊजींना टेक्सासने अभेद्य कवच दिलंय असं वाटत असेल तर तसं काही नाही.

कॅलिफोर्नियात कोड आहे, पण तो तुमच्या मिस्टरांविषयी सांगेल काय? गन शॉपमध्ये दीड हजार डॉलरची लोखंडी तिजोरी घेतली तरी ५७२३, रायफल घेतली तरी ५७२३. कोड लागतो तोही मुख्यतः बंदुकांवर चालणाऱ्या दुकानांना, मोठ्या स्पोर्ट्स स्टोअरमध्ये घेतलेली बंदूक ५९४१ खालीच जाते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॅलिफोर्नियाचं न्याय खातं हँडगनच्या प्रत्येक विक्रीची नोंद स्वतःच ठेवतं, मालकाच्या नावासकट. ज्या सरकारपासून व्यवहार लपवायचा त्याच्याच दप्तरात तो डीलर त्याच दिवशी नोंदवतो. रोख पैसे दिल्याने त्यात काडीचाही फरक पडत नाही.

टेक्सासात राज्याची अशी नोंद नाही, आणि फेडरल सरकारने मालकांची यादी करू नये असा १९८६ पासून कायदाच आहे. पार्श्वभूमी तपासणीत पास झालेल्याची नोंद एफबीआयला २४ तासांत पुसावी लागते. बंद पडलेल्या दुकानांचे ४४७३ फॉर्म वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गच्या फेडरल केंद्रात खोक्यांतून येतात आणि तिथे त्यांचे फोटो काढून ठेवतात, पण नाव टाइप करून शोधता येईल अशी सोय मुद्दाम ठेवलेली नाही. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढायचा तर तिथली माणसं एकेक पान उलटतात. मागच्या दाराने यादी होऊ नये ही भीती इथे किती खोल आहे ते यावरून कळेल. ५७२३ ला झालेला विरोध त्या भीतीतूनच आला, आणि ती भीती मी खुळचट म्हणणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये हाउस ज्युडिशियरी कमिटीचे अध्यक्ष जिम जॉर्डन यांनी कागदपत्रांच्या आधारे सांगितलं की ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर झालेल्या हल्ल्यानंतर ट्रेझरीच्या (अर्थ खात्याच्या) फिनसेन या शाखेने बँकांकडे जी माहिती पोचवली तिच्यात काही शब्द आणि दुकानांचे कोड टाकून व्यवहार कसे हुडकायचे याचे नमुने होते. उद्या कुणाला वाटलं तर पुस्तकांच्या दुकानांवरही अशी नजर ठेवता येईल. मी कॅलिफोर्नियाच्या कायद्याच्या बाजूचा आहे, कारण बारा दिवसांत हजारो डॉलरच्या बंदुका आणि गोळ्या उचलणारा माणूस बँकेच्या नजरेत यायला हवा असं मला मनापासून वाटतं. पण ही नजर कुणावर आणि किती ठेवायची याचे नियम लेखी आणि उघड असले पाहिजेत, आणि ते अजून नीट झालेले नाहीत.

तुमच्या मिस्टरांची एका पिस्तुलाची खरेदी या वादाच्या जवळपासही येत नाही. बँक संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट पाठवते तो साधारण पाच हजार डॉलरच्या वर, आणि काहीतरी विचित्र दिसलं तर.

सगळा विचार करून त्यांना घ्यायचीच असेल तर फ्रीमाँटच्या आसपासच्या परवानाधारक डीलरकडे जावं. आधी फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेटची लेखी परीक्षा द्यायची. फॉर्मवर नागरिकत्व भारत लिहायचं आणि ग्रीन कार्डावरचा एलियन नंबर द्यायचा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग दहा दिवस थांबायचं. राज्याचा ११ टक्के जादा कर जुलै २०२४ पासून आहे, तो भरायचा आणि आपल्या नेहमीच्या कार्डावर पैसे द्यायचे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. हाच नियम सहा महिने राहायला आलेल्या आईबाबांना लागू आहे. त्यांच्या हाती तिजोरीची किल्ली किंवा नंबर देऊ नका, "फोटो काढा" म्हणून बंदूकही देऊ नका.

आता चोरीबद्दल, कारण हे सगळं तिथून सुरू झालं. तुम्हीच लिहिलंय की दोन्ही घरं माणसं बाहेर असताना फुटली. रिकाम्या घरातली बंदूक कुणाचं रक्षण करणार? सोन्याबरोबर तीही जाईल. मग कॅलिफोर्नियात पाच दिवसांच्या आत पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक, आणि ती पुढे कुठल्या गुन्ह्यात सापडते हा घोर जन्मभर. त्यापेक्षा मंगळसूत्र आणि रोजच्या बांगड्या सोडून बाकीचं सोनं बँकेच्या सेफ डिपॉझिट बॉक्समध्ये ठेवा. बॉक्समधल्या वस्तूंना एफडीआयसीचं, म्हणजे बँकेतल्या ठेवींच्या सरकारी विम्याचं, संरक्षण नसतं, म्हणून दागिन्यांचा वेगळा विमा घ्या. घराच्या साध्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला बहुतेकदा दीड हजार डॉलरच्या आसपासच मर्यादा असते, आणि एवढ्यात आज एक पाटलीही येत नाही. सराफाकडून मूल्यांकन करून घ्या, फोटो काढून ठेवा. कार्यक्रमाला निघताना बाहेरचा दिवा, कॅमेरा, शेजाऱ्यांना निरोप, आणि फराळाचे फोटो घरी परतल्यावर टाका. भावांना हे पिस्तुलाएवढं मर्दानी वाटणार नाही, पण सोनं यानेच राहतं.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. तुमचं काहीही चुकत नाही. सरकारपासून आणि बँकेपासून खासगीपणा मागायचा हक्क वेगळा. त्यातला एकही कायदा, टेक्सासचाही नाही, बायकोपासून खरेदी लपवण्यासाठी केलेला नाही. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई दोघांची असते आणि नवराबायकोने एकमेकांना पैशांचा खरा हिशेब द्यावा अशी कायद्याचीच अपेक्षा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आठ वर्षांच्या मुलाच्या घरात बंदूक कुठे आहे, कुलूप कसलं आहे, गोळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत का, हे आईला ठाऊक नसणं मला सहन होत नाही. "तुला त्यातलं कळत नाही" हे उत्तर इथे चालणार नाही. मिस्टरांना सांगा की दोघांनी मिळून "हो" म्हटल्याशिवाय ती वस्तू घरात येणार नाही. ते चिडले तर चिडू द्या.

एक काम मात्र नाताळपर्यंत थांबवू नका. भाऊजींकडे दोन बंदुका आहेत आणि तुमचा मुलगा तिथे राहणार आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी बंदूक ठेवणं टेक्सासातही गुन्हा आहे. जाऊबाईंना या आठवड्यात फोन करा आणि आडपडदा न ठेवता विचारा: "वहिनी, बंदुका कुठे असतात? कुलपात असतात ना? गोळ्या वेगळ्या ठेवता ना? किल्ली कुणाकडे असते?" त्यांना राग येणार नाही, त्याही आई आहेत. उत्तर ठाम मिळालं नाही तर भेट ठरल्याप्रमाणे होऊ दे, पण मुक्काम हॉटेलात करा.

— तुमचा काका

ता. क. भाऊजींनी दुकानात आगाऊ पैसे भरले असतील किंवा फॉर्मवर सही केली असेल, तर आधी फायरआर्म आणि इमिग्रेशन दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला गाठा. त्याआधी या विषयावर व्हॉट्सॲपवर एक अक्षरही लिहू नका आणि आधीचं लिहिलेलं पुसूही नका.